तीर्थ शिरेत घ्यायचं नसतं

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चादरींच्या घड्या. दुपारची वेळ. गच्चीवरून वाळलेल्या चादरी मी खाली आणल्या. दोन टोकं तिच्या हातात, दोन माझ्या.

"अहो, टोकाला टोक लावा. एक कान वर, एक कान खाली. शेळीसारखी घडी होते तुमची."

"झोपायचंच आहे ना हिच्यावर? का कुणाला आहेर करायची आहे?"

"जन्मभर हेच ऐकतेय. ओढा जरा. जोर नाही का हाताला?"

मी ओढली. ती पुढे आली, माझ्या हातातली टोकं घेतली, पुन्हा मागे गेली. असं चाललं होतं. मधेच, रोज सकाळी जखम धुवून घ्यायला येणाऱ्या पोपटचं काढलं, "पोपटचा पाय भरत आलाय बरं का. कडेनं चांगलं लाल मांस दिसायला लागलंय. आणखी महिनाभर पाण्याबाहेर राहिला आणि त्या पायात सुई मारली नाही, तर वाचला पाय." मी म्हटलं, "राहील की." ती म्हणाली, "तुम्ही म्हणता राहील. तो ऐकतो कुठे?" मग खाटेवर टेकली आणि पाणी मागितलं. मी माठातलं पाणी घेऊन आलो तर ती आडवी झालेली, त्याच चादरींवर डोकं ठेवून. हाक मारली, हलवलं. डॉक्टरनं नंतर हार्ट सांगितलं.

बायकोबद्दल एवढंच लिहायचं ठरवलं होतं. दिवाळी अंकवाल्यांनी मला कामाबद्दल लिहायला सांगितलंय. पण काम आमचं दोघांचं होतं, त्यामुळे ती मधे मधे येणार, त्याला माझा इलाज नाही. मी चौथी शिकलोय. बोलतो तसं लिहितो. नको वाटलं तर पान उलटा.

काम काय, तर जी माणसं नशेसाठी सुई टोचून घेतात त्यांना नवी सुई द्यायची आणि वापरलेली परत घ्यायची. पेपरात त्यांना गर्दुल्ले म्हणतात. मी म्हणत नाही. एवढ्या वर्षांत सगळ्यांची नावं पाठ झाली, मग गर्दुल्ले कुणाला म्हणायचं?

माझी सुरुवात संडासापासून झाली. पंचवटीत घाटाजवळ एक सार्वजनिक संडास आहे, त्याचा मी राखणदार. बाहेर टेबल टाकून बसायचं, बादल्या भरायच्या, यात्रेकरूंना बायकांचं कुठलं आणि पुरुषांचं कुठलं ते सांगायचं. सुई घेणारी मंडळी आत जाऊन कडी लावायची आणि बाहेर यायचीच नाहीत. मी दारावर लाथा घालायचो. वरून पाणी ओतायचो. आठवड्याला नळी तुंबायची, आणि उघडली की आत सिरिंजच सिरिंज. माझा त्यांच्यावर राग होता तो एवढ्यासाठीच. देशाची तरुण पिढी वगैरे माझ्या डोक्यात नव्हतं, माझी नळी तुंबत होती.

एकदा एक जण आत गेला तो आवाजच देईना. मला वाटलं नेहमीचंच. शेवटी कडी तोडली तर तो भिंतीला टेकून बसलेला, ओठ निळे. ओळखीचा होता, रोज "नाना, जरा बादली द्या" म्हणणारा. तो गेला. दार खालपर्यंत होतं, आत काय चाललंय कसं कळणार? दुसऱ्या दिवशी मी सुतार बोलावला आणि सगळी दारं खालून वीतभर कापून घेतली. ठेकेदार बोंबलला, "अरे, संडासाची दारं आहेत का भाजीवाल्याची फळी? लोकांची अब्रू जाईल!" मी म्हटलं, "पावलंच दिसतात साहेब, अब्रू त्याच्या वर असते." मग मी पावलं बघायला शिकलो. बोटं समोर असली तर माणूस शुद्धीत. पाऊल आडवं पडलं की उठायचं आणि दार वाजवायचं.

ती कापलेली दारं बघून संस्थेची माणसं माझ्याकडे आली. ती या लोकांसाठी शहरात एक केंद्र काढत होती. त्यांनी विचारलं, वापरलेल्या सुया टाकायला इथं एक डबा ठेवाल का? ठेवला. पुढे डब्याचा राखणदार झालो, मग नव्या सुया वाटायला लागलो, आणि संडास सुटला. बायको, सुमन तिचं नाव, तेव्हा एका प्रसूतिगृहात आया होती. केंद्रात जखमा धुवायला माणूस टिकत नव्हतं. ती एक दिवस बघायला आली आणि म्हणाली, "बाळंतिणींचे टाके धुतलेत मी, याला काय भ्यायचं?" ती मावशी झाली, मी नाना. आम्हाला एक मुलगी, सुरेखा, ती ओझरला दिली आहे. ती लोकांना सांगायची, आई-बाबा दवाखान्यात आहेत. खोटं नव्हतं तसं.

बाहेरच्या माणसाला पहिली गोष्ट कळत नाही ती ही, की एकाची सुई दुसरा का घेतो. त्याला वाटतं, नशेत भान नसतं. तसं नाही. भान चांगलं असतं. आमच्या वेळी खिशात सुई सापडली की शिपाई उचलायचा. म्हणून स्वतःची सुई कुणी बाळगायचंच नाही. टोचायची आणि फेकायची. पुन्हा हवी झाली की ज्याच्याकडे असेल त्याची घ्यायची, आणि एकच सुई सगळ्या टोळक्यात फिरायची. पोलीस ठाण्यातल्या एका साहेबांना हे आम्ही जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शिपायांना दम दिला, की सुईसाठी कुणाला धरायचं नाही. तेवढ्यानं जो फरक पडला तो आमच्या भाषणांनी पडला नव्हता.

दुसरी गोष्ट, उपदेश करायचा नाही. संस्थेनं आम्हाला ते शिकवलं होतं, पण मला शिकवायची गरज नव्हती, मला उपदेश येतच नाही. सोड म्हणून कुणी सोडत नाही. त्याची आई सांगून थकलेली असते, आपण कोण? आपण फक्त विचारायचं, काल किती जणांत एक सुई होती? आज एकानं कमी झाली तरी आपलं काम झालं.

घाटावर एक गुरुजी होते, श्राद्धाची पिंडं घालून देणारे. ते मला रोज ऐकवायचे.

"नाना, पाप वाटत फिरता तुम्ही."

"गुरुजी, मागं तुमच्या पाटाखाली सुई निघाली होती, आठवतं?"

"पायाला लागता लागता राहिली माझ्या!"

"हल्ली निघते का?"

गुरुजी विचार करून म्हणाले, "हल्ली नाही निघत."

"नव्या सुईला जुनी परत द्यावी लागते, म्हणून नाही निघत."

गुरुजी पुन्हा पिंडं वळायला लागले. पण पुढे कुठे सुई पडलेली दिसली की तिच्यावर उपडी वाटी ठेवून मला निरोप धाडायचे.

आता पोपट. आहे चांदवडकडचा, पण आयुष्य घाटावर गेलं. लोक नदीत नाणी टाकतात, ती दोरीला लोहचुंबक बांधून काढायची हा त्याचा धंदा. बोलायला गोड, वागायला हट्टी. त्याचा जोडीदार मुन्ना, मनमाडचा. हा रेल्वेनं यायचा, शर्टाला इस्त्री, केसाला तेल. कुणी म्हणणार नाही हा सुई घेतो. दोघांची एकच सुई. त्यांच्यात तसंच असतं. जोडीदाराची सुई नाकारली म्हणजे तुझ्यावर विश्वास नाही असं तोंडावर सांगितल्यासारखं होतं. मी दोघांना दोन सुया द्यायचो, ते एक वापरायचे आणि दुसरी जपून ठेवायचे. पोपट म्हणायचा, "नाना, आमी भाऊ हाय. भावा-भावात कसलं तुझं-माझं?"

मग केंद्रात रक्ताची तपासणी झाली. मुन्नाचं एचआयव्ही निघालं, पोपटचं नाही. असं कसं, ते केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनाही सांगता येईना. नशीब म्हणायचं. रिपोर्ट ज्याचा त्यालाच सांगायचा, दुसऱ्या कुणाला नाही, हा आमचा सगळ्यात कडक नियम. मुन्नाबरोबर बाई बोलल्या, मी दाराबाहेर होतो. तो बाहेर आला, माझ्याकडे बघून म्हणाला, "नाना, पोपटला काही बोलायचं नाय." मी म्हटलं, "मला काही माहीतच नाही."

दुसऱ्या दिवशी मुन्नानं चहाच्या गाडीवर सगळ्यांसमोर पोपटची अब्रू काढली. "तू घाण आहेस. आंघोळ करत नाहीस. तुझ्या हातची सुई मी कुत्र्याला पण लावू देणार नाही. आजपासून माझ्या जवळ बसायचं नाय." पोपट आधी हसला, मग रडला, मग त्यानं चहाचा ग्लास फेकून मारला. त्या दिवसापासून दोघांची दोन टोकं. पोपट माझ्याकडे यायचा, कुरकुरायचा.

"मी घाण हाय का हो नाना? तुमी सांगा."

"आंघोळ कर."

"रोज तर पान्यात असतो मी!"

मला सगळं माहीत होतं आणि काही सांगता येत नव्हतं. आपली सुई आपली हे पोपट शिकला ते माझ्यामुळे नाही, बाईंमुळे नाही. मुन्नानं अपमान केला म्हणून शिकला. कुणाची सुई समोर आली की म्हणायचा, "नको बाबा, मी घाण हाय, माझी मला बरी." मुन्नाची औषधं सुरू झाली, तब्येत धरली त्यानं. पुढे कधीतरी त्यानंच पोपटला खरं काय ते सांगितलं. पोपटनं आधी त्याच्या एक कानाखाली दिली आणि मग म्हणाला, "तवाच सांगायला काय झालं होतं, मेल्या?" मुन्ना म्हणाला, "तवा सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, भाऊ हाय, होऊ दे मला पण." आणि पोपट खरंच तसंच म्हणाला असता.

आता पाण्याचं सांगतो. सुया नव्या झाल्या, फिरायच्या थांबल्या, तरी घाटावरच्या पोरांना गळवं थांबेनात. पलीकडच्या पुलाखाली बसणाऱ्यांना एवढी होत नव्हती. सुई तीच, माल तोच. डॉक्टरीणबाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "मावशी, मला पाण्याची शंका येते. ही मुलं पावडर कालवायला पाणी कुठलं वापरतात, विचारा बरं." सुमननं पोपटला विचारलं.

"कुंडाचं. दुसरं कुठलं?"

"अरे, नळ आहे ना तिथं."

"नळाचं? त्याच्यात काय काय आसतं मावशी! हे तीर्थ हाय. हितं मान्सांची हाडं इरघळतात. एवढं पावरफुल पानी आपल्या रगतात गेलं तर बरंच होईल ना?"

बाई शिकलेल्या, कळकळीच्या. त्या जंतू सांगायला लागल्या. वरून नाले येतात, लोक कपडे धुतात, राख सोडतात, सगळं सांगितलं आणि सगळं खरं होतं. पोपट ताडकन उठला. "गंगामाईला घाण म्हन्ता? मग आमाला काय म्हनाल?" तो गेला आणि त्याच्यामागे घाटावरचे सगळे गेले. केंद्र ओस पडलं. सुया पण नेईनात. बाईंना रडू यायचं बाकी होतं. म्हणाल्या, "माझं काय चुकलं?" सुमन म्हणाली, "चुकलं काही नाही. त्यांच्याकडे तेवढंच एक चांगलं आहे, ते तुम्ही हातातून घेतलंत."

मग ती स्वतः घाटावर गेली. मी बरोबर होतो, पिशवी धरायला. ती पोपटच्या शेजारी पायरीवर बसली.

"काय रे, देवळात जातोस का कधी?"

"भायेरून."

"पुजारी तीर्थ देतो ते कशात घेतोस?"

"हातात."

"मग?"

"पितो."

"आणि हाताला राहिलेलं?"

"डोक्याला पुसतो. का?"

"मांडीत टोचून घेतोस का?"

पोपट बघतच राहिला. सुमन म्हणाली, "तीर्थ जिभेवर घ्यायचं असतं, डोक्याला लावायचं असतं. शिरेत घ्यायचं नसतं. त्या पावडरीत कालवतोस, सुईत भरतोस, भ्रष्ट करतोस तू ते. मग ते कोपणार नाही तर काय करणार? बघ तुझे हातपाय."

पोपटनं आपल्या हाताकडे बघितलं. मग म्हणाला, "हे आमाला कुनी सांगितलंच नाय."

त्याच संध्याकाळी तो केंद्रात आला आणि इंजेक्शनसाठी मिळतं त्या शुद्ध पाण्याच्या बारीक कुप्या मागून घेऊन गेला. पुढे तर तो घाटावरचा धर्ममार्तंडच झाला. कुणी कुंडाकडे वळलं की ओरडायचा, "अय, तीर्थ भ्रष्ट करू नको! मावशीकडनं कुपी आन!" गळवं कमी झाली. बाईंनी सुमनला विचारलं, "तुम्हाला हे सुचलं कसं?" ती म्हणाली, "तुम्ही पाणी म्हणालात म्हणून. मला तर सुईच दिसत होती."

हे वाचून कुणाला वाटेल, एवढं केलंत, मग एक तरी सुटला का? काही सुटले. सरकारी दवाखान्यात जिभेखाली ठेवायची गोळी मिळते, रोज जाऊन घ्यावी लागते, तिनं बऱ्याच जणांची सुई सुटली. पण मी हिशेब तसा ठेवत नाही. टोळक्यातली सुई सोडून स्वतःची घेतली, हा बदल. कुंडाचं पाणी सोडलं, हा बदल. मानेत घ्यायचं सोडून हातात घ्यायला लागला, हासुद्धा बदल, माणूस जिवंत राहतो त्यानं. लोकांना मोठा बदल हवा असतो, टाळ्या वाजवायला. तसा माझ्या वाट्याला फार आला नाही. काही जणांना आम्ही एकेक सवय सोडायला लावत गेलो आणि ते मधेच मेले. त्यांची पावलं माझ्या डोळ्यासमोर आहेत.

पोपट गोळीवर आला, पण उशिरा आला. तोवर डाव्या पायाच्या शिरांची वाट लागली होती. नडगीवर तळहाताएवढी जखम. डॉक्टरीणबाईंनी त्याला समोर बसवून सांगितलं, पाणी आणि सुई, दोन्ही या पायापासून लांब. नाही जमलं तर गुडघ्याखाली कापावा लागेल. तोवर आम्ही दोघं निवृत्त झालो होतो. संस्थेनं शाल आणि नारळ दिला. केंद्र उशिरा उघडतं आणि पोपटला सकाळी गोळीच्या रांगेत उभं राहायचं असतं, म्हणून सुमननं त्याला घरी यायला सांगितलं. रोज सकाळी आमच्या ओट्यावर त्याचा पाय. मीठ घालून उकळलेलं पाणी गार करायचं, जखम धुवायची, मलम, गॉज, पट्टी. मी कधी हात लावला नाही. सुई वाटणं माझं, जखम तिची, अशी आमची वाटणी पहिल्यापासूनची.

पाण्यात उतरू नको म्हटल्यावर तो म्हणाला, "मग खाऊ काय?" तिनं त्याला लांब दोरी आणून दिली आणि पायरीवर बसून चुंबक फेकायला लावलं. बाकीचे हसायचे, "पोपटराव, मासे धरताय का?" सुरुवातीला दोनदा-तीनदा चोरून उतरला. पट्टी ओली बघून हिनं ओळखलं. मग बंद झालं. सिंहस्थाची कामं निघाली, घाटावरून या लोकांना सारखं हुसकत होते, तरी तो सकाळी ओट्यावर हजर. जखम कडेनं आत यायला लागली. आणि मग ती घड्या घालायची दुपार आली.

संध्याकाळी अमरधामला नेलं. सुरेखा आणि जावई ओझरहून आले, शेजारी होते. सुई घेणारे, सोडलेले, सगळे फाटकाच्या बाहेर रस्त्याच्या कडेला उभे होते. मनमाडहून मुन्ना आला होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आत या म्हटलं तर कुणी येईना. पोपट एका टोकाला उभा होता, लांब दोरी खांद्यावर. मी अग्नी दिला. त्याच्याशी बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो ओट्यावर आला नाही. मी वाट बघितली. सुतकाच्या घरात कुणी आपलं काम घेऊन येत नाही, तेवढी रीत त्याला कळते. पण त्याच रीतीपायी त्याचा पाय धुवायचा राहिला असता.

मी गॅस पेटवला. शेजारच्या काकू चहा घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"अहो, आज घरात चूल पेटवत नाहीत."

"स्वयंपाक नाही करत. पाणी उकळतोय."

सुरेखा उठून आली. "बाबा, कसलं पाणी?"

"पोपटच्या पायाचं."

"आज? बाबा, सुतक आहे आपल्याला. राख सावडायला सगळे अमरधामला यायचेत. तुम्हीच नसलात तर?"

"तोवर येतो."

मीठ किती ते मला माहीत नव्हतं. तिनं डबा काढला, चिमूट चिमूट घालून चव बघितली, आईसारखी, आणि म्हणाली, "एवढं असायचं. मी बघितलंय." पाणी गार करून बाटलीत भरलं. गॉज, मलम, पट्टी पिशवीत टाकली आणि मी निघालो.

घाटावर पोपट दिसेना. दोरी दिसली, पायरीवर गुंडाळून ठेवलेली. शेजारी एक टकला माणूस पाठमोरा बसला होता, ओल्या अंगानं. मी त्यालाच विचारणार होतो, पोपटला बघितलंस का. त्यानं मान वळवली.

"हे काय केलंस?"

"काढले केस."

"कुणी सांगितलं तुला?"

"मावशीला पोरगा होता का? नाय ना. मंग कुनी तरी काढायला पायजे. तो न्हावी वळखीचा हाय."

मी त्याच्या पायाकडे बघितलं. पट्टी ओली, सुटलेली, पायाला चिकटलेली. पाणी गळत होतं.

"पाण्यात गेलास?"

"केस काढल्याव आंगूळ नाय केली तर कसं, नाना? अर्धवट राहतं ते. तीन डुबक्या मारल्या."

"गाढवा! तिनं एवढे दिवस..." पुढे माझ्या तोंडातून काय काय गेलं ते इथं लिहिता येणार नाही. पिंडदानाला आलेली माणसं बघायला लागली. पोपट मान खाली घालून ऐकत होता. माझं संपल्यावर म्हणाला, "सुई नाय घेतली. आईशपथ. रात्रभर मुन्ना बसून होता माझ्याजवळ, त्यानं नाय घेऊ दिली. पान्याचं मला ध्यानातच नाय आलं."

ते खरं होतं, त्याचं तोंड बघून मला कळत होतं. त्या डुबक्यांनी जखम पुन्हा वाहायला लागली. ती भरायला पावसाळा सरला. पाय राहिला, हे इथंच सांगून टाकतो, नाहीतर लोक विचारत बसतात.

मी खालच्या पायरीवर बसलो. "आण इकडे."

त्यानं पाय मागे घेतला. "नको नाना. तुमी सुतकात. मला शिवू नका."

"तू टक्कल करून सुतकातच बसलास ना? मग एका घरातले झालो. आण पाय."

त्यानं पाय माझ्या मांडीवर ठेवला. ओली पट्टी सोडवली. जखम मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होतो. तिनं सांगितलं तसं कडेनं लाल मांस होतं, मधे पिवळं. बाटलीतलं पाणी वरून धार धरून सोडलं, कडेकडेनं पुसून घेतलं. तो दात घट्ट दाबून बसला होता. मलम लावलं, गॉज ठेवला, पट्टी गुंडाळली आणि गाठ मारली.

"नाना, लय आवळलं. मावशी दोन बोटं जातील एवढं ढिलं ठेवायची."

सोडलं. पुन्हा बांधलं. दोन बोटं घालून बघितली, गेली. वरून प्लॅस्टिकची पिशवी चढवली आणि त्याला रिक्षात घालून गोळीच्या रांगेला पाठवलं. मग हात धुतले आणि राख सावडायला गेलो.